टाकीतील मुक्कामाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्याने बोट धरून चालावयास शिकविले त्यास अंमळ अधिक वाकून वंदन. शके १९४५, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, थंडीचे दिवसांत, भार्गवपंत सबनीस, वय पंचाहत्तरीचे घरात, कन्या ऋजुताबाई यांसमवेत राजधानीचे शहरी मुक्कामास होते. कारण की, बाईसाहेबांचा संसार मोडला होता आणि फारकतीचा निवाडा त्याच दिवशी न्यायालयात जाहला होता. न्यायालय ऐन पेठेत, सबब मुक्कामही पेठेतच पाहिजे, असा बाईसाहेबांचा हुकूम. आणि मोबाइलवर ‘शहराचे मध्यभागी आगळावेगळा निवास’ अशी जाहिरात दिसली, तेव्हा दोन बिछान्यांची खोली तात्काळ राखून घेतली. मग येऊन पाहतात तो निवास म्हणजे जुनी पाण्याची टाकी! चौकाचे मधोमध उंच खांबांवर उभी, कित्येक सालांची कोरडी. मालकाने तिजला खिडक्या पाडविल्या, आत गालिचा अंथरिला, पलंग मांडिले आणि हॉटेल म्हणोन पाटी लाविली. भिंत गोल, छत घुमटासारखे, कोपरा म्हणून एक नाही. भार्गवपंतांनी काठी कोपऱ्यात ठेवावी म्हणून सगळी भिंत फिरून पाहिली आणि अखेर ती पलंगाखाली निजविली. मग म्हणाले, “ऋजू, मला टाकीत ठेवलंस होय गं? तोटी कुठं आहे?” बाईसाहेब म्हणाल्या, “अण्णा, फोटोत बरी दिसत होती. आणि मध्यवर्ती आहे.” “मध्यवर्ती तर खरीच. चारी दिशांनी हॉर्न ऐकू येतायत. एकाही दिशेवर अन्याय नाही.”

त्या जागेचा गुण ऐसा की, बोललेला शब्द घुमटास लागून माघारा येई. बाईसाहेबांनी “अण्णा” म्हणावे, टाकीने “अण्णा” म्हणावे, आणि पंतांनी एक ‘ओ’ लेकीस व एक ‘ओ’ टाकीस द्यावी. हॉटेलचे व्यवस्थापक तळपदे, म्हणजे त्या बुरुजाचे किल्लेदारच, चहा घेऊन आले आणि ऐकून हसू लागले. पंत त्यांस म्हणाले, “हसू नका. हाक मारली की ओ द्यावी. टाकी झाली म्हणून काय झालं?”

दुसरा दिवस उजाडला तो साधाच. पितापुत्रींनी चौकात मिसळ खाल्ली, पंतांनी तिखट सोसेना तरी तर्री मागून घेतली आणि डोळे पुशीत “झकास” म्हणाले. मग एक कंगवा आणि देवासाठी वाती घेतल्या. निवाड्याचा विषय निघाला नाही. तो कधीच निघत नसे. खटल्याचे प्रत्येक तारखेस पंत गावाहून एस.टी.ने येत, न्यायालयाचे बाकावर लेकीशेजारी बसत, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून देत, आणि “भूक लागली का?” याखेरीज काही पुसत नसत. चूक कोणाची हे साऱ्या गोतावळ्याने पुसले, मावशांनी पुसले, चुलत्यांनी पुसले, शेजारणीने तर दोनदा पुसले, पंतांनी नाही. हे बाईसाहेबांचे मनी साचले होते आणि ते एकवार बोलावे ऐसे त्यांनी योजिले होते. म्हणून खोलीवर येताच त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, “अण्णा, मला तुम्हाला एक—” तों टाकीने तेच मोठ्याने म्हटले. पंतांनी कान टवकारले. बाईसाहेबांस उगाच लाज वाटली आणि त्या म्हणाल्या, “एक चहा सांगू का?” टाकीनेही चहाच विचारला.

दुपारी पंत गावी निघाले. बाईसाहेबांस निवाड्याची नक्कल घेणे होते, त्या मागे राहिल्या. आता सबनिसांचे घरचा दंडक ऐसा की, निघालेल्या माणसास मागून हाक मारू नये. मारलीच, तर त्याने माघारे फिरावे, घटकाभर बसावे, पाणी प्यावे आणि मग निघावे. पंत तो दंडक काटेकोर पाळीत. एकदा अर्ध्या गल्लीतून परतून पाणी प्याले होते आणि सोयऱ्यांचे लग्नाचा मुहूर्त चुकविला होता. म्हणून जिन्यावरूनच बजावले, “मागून हाक मारू नकोस हं. गाडी चुकेल माझी.” “नाही मारत. काठी घेतलीत ना?” “घेतली. टाकीला सांग, येतो म्हणावं.” मग ते चौकात उतरले आणि बाईसाहेब खिडकीशी उभ्या राहिल्या. वरून पंत लहान दिसत होते. केळेवाल्याशी हुज्जत घातली, एक केळे तेथेच खाल्ले, साल टाकावयास कचऱ्याचा डबा शोधीत दोनदा भोवती फिरले. तोंवर हाक सहज पोहोचती. बाईसाहेबांनी तोंड उघडिले आणि मिटले. पंत वळणाआड गेले.

पुढे तिसरे दिवशी सकाळी, आपले घरी, खुर्चीत बसल्या जागी, चहा निवत असता भार्गवपंत कैलासवासी जाहले.

बाईसाहेबांनी सर्व यथास्थित केले. आल्यागेल्याचे पाहिले, दिवस झाले, घर झाडून घेतले, डोळ्यांस पाणी फारसे येऊ दिले नाही. लोक म्हणाले, मोठी धीराची. परंतु मनी एक सल राहिला की, हाक मारिली असती तर दंडकाप्रमाणे त्यांस माघारे येणे प्राप्त होते. गाडी चुकती, चुकावयास हवी होती.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, पौष मासी बाईसाहेबांस कचेरीचे कामी पुन्हा त्याच शहरी जाणे पडले. कचेरीने स्टेशनाजवळचे उत्तम हॉटेल दिले होते. तेथे लिफ्ट होती, कोपरे होते. बाईसाहेबांनी ते नाकारून टाकीतच मुक्काम मागितला. तळपद्यांनी ओळखिले आणि सामान वर पोहोचवून म्हणाले, “मॅडम, टाकीला ओ देणारे काका नाही आले या वेळी?”

“नाही. ते गेले.”

टाकी म्हणाली, “गेले.” तळपदे चपापले आणि आवाज अगदी लहान करून म्हणाले, “मी… मी पाणी आणतो तुम्हाला.” पाणी आणून ठेविले, आणि दार हलके ओढून घेऊन गेले.

मग बाईसाहेबांनी खिडकी उघडिली. खाली चौक वाहत होता, केळ्यांची गाडी तेथेच होती. त्यांनी पेला भरिला, समोर रिकामी खुर्ची ओढिली, पेला खुर्चीवर ठेविला, आणि वळणाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारिली, “अण्णा!” टाकीनेही हाक मारिली. दोन्ही हाकांस ओ आली नाही. बाईसाहेब थोड्या थांबल्या, माणसास जिना चढून यावयास लागतो तितक्या.

येणेप्रमाणे टाकीतील दोन मुक्कामांची हकीकत आहे. निवासाविषयी सांगणे इतकेच की, जागा विचित्र खरी, परंतु मध्यवर्ती. आणि तेथे बोललेले वाया जात नाही. दुसरे मुक्कामी बाईसाहेब रिकाम्या खुर्चीपाशी बोलिल्या, ते ऐसे:

“बसा घटकाभर. पाणी घ्या. मागून हाक मारली, रागावू नका. अण्णा, त्या बाकावर तुम्ही शेजारी होतात म्हणून मी उभी राहू शकले. सगळ्यांनी विचारलं, तुम्ही नाही विचारलंत, ते मला कळत होतं. प्रत्येक वेळी कळत होतं. एवढंच सांगायचं होतं. बरं, या आता.”