गाडीचं नाक आणि माझी दुपार

मी शाळेत गेले चारच इयत्ता, पण या घरात काय बिघडलं आणि कुणी बिघडवलं हे मला कुणी सांगावं लागत नाही. इस्त्री जळली तेव्हा मी मुलाकडे नुसतं बघितलं, तेवढ्यात त्याने कबूल केलं! म्हणून गाडीचा तिसरा सेन्सर मेला तेव्हा मी जेवताना जाहीर केलं, आठ दिवसांत गुन्हेगार हजर करते.

गाडी यांची. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलाला तिचा भारी सोस. त्याने इंजिनात काहीबाही नवं बसवलं आणि धुराच्या नळीत एक वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावला. म्हणजे गाडीचं नाक. धुरात हवा किती उरली ते हुंगतं आणि समोरच्या गोल घड्याळात आकडा दाखवतं, भोवती निळ्या ठिपक्यांची माळ. असं नाक वर्षानुवर्षं टिकतं म्हणे. आमचं महिन्या-दीड महिन्यात मान टाकायचं. आकडा एका जागी थिजला की समजायचं, गेलं. मुलगा वैतागून म्हणाला, आता चौथं गेलं तर गाडीच विकतो.

गाडी विकली तर माझी दुपार कुठे जाणार?

जेवणं आटोपून घर निवांत झालं की मी खिळ्यावरची चावी घ्यायचे आणि मागच्या अंगणात गाडीत जाऊन बसायचे, यांच्या शेजारच्या सीटवर. चावी फिरवली की रेडिओ लागतो, निळे ठिपके उजळतात. इंजिन चालू करायचं नाही. मला येतच नाही. काचेतून ऊन मांडीवर येऊन मांजरासारखं बसतं. डोळे जड होतात. मग हे येतात, दार न उघडता. गाडी जागची हलत नाही आणि तरी निघते. कुंपणावरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, शेजारणीच्या गच्चीवरून. हे काही बोलत नाहीत. जिवंत असतानाही बोलायचे नाहीत; मी संधीच देत नसे.

गुन्हेगार तर मला उघड दिसत होता. सून! सकाळी हीच गाडी घेऊन दहा मिनिटांवरच्या औषधाच्या दुकानात कामाला जाते, दुपारच्या जेवणाला परत येते, आणि ब्रेक असा दाबते जसं काही झुरळ मारतेय. गाडीची बॅटरी उतरायची, तेही मी तिच्याच नावावर घातलं. हिनेच मागे तापलेलं काचेचं भांडं नळाखाली धरून तडकवलं होतं. ते मी वर्षभर ऐकवलं. गरम काचेवर गार पाणी घालणारी बाई गाडी काय सांभाळणार? ती ऐकून घ्यायची आणि कप विसळत राहायची.

चौथं नाक बसलं आणि मी पहारा सुरू केला. पहारा द्यायचा तर गाडीतूनच! तासाची दुपार तीन तासांची झाली. रेडिओ नसला तर पहारेकऱ्याला झोप लागते, म्हणून चावी सुरूच. झोप लागली ती लागलीच. त्या दिवसांत आम्ही दोघं फार लांब जाऊन आलो. ढगांच्या वरून एक रस्ता जातो, त्यावर एकही खड्डा नाही.

नवव्या दिवशी नाक मेलं.

मेकॅनिक घरीच आला. आवाज असा हळू, जणू गाडी झोपली आहे. इंजिन तेल जाळतंय का, नळी कुठे फुटलीय का, सेन्सर हवा तसा तिरका बसलाय का, सगळं बघितलं. दोष नाही. मग हात पुसत त्याने विचारलं, "इंजिन बंद आणि चावी चालू, असं कुणी ठेवतं का?"

या नाकात म्हणे एक हीटर असतो. चावी फिरवली की तो तापतो. सकाळच्या छोट्या फेरीत नळीत पाणी साचतं, पुरतं वाळत नाही. त्याचा थेंब तापल्या नाकावर पडला की आतून तडा. "गरम काचेवर गार पाणी पडावं तसंच," तो म्हणाला.

सुनेने माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"माझ्याकडूनच राहत असेल चालू," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, मग उद्यापासून बसने जा, गाडी मी विकतो.

तिने मला वाचवलं, हे मला मुळीच आवडलं नाही. या घरात दोष कुणाचा ते मी ठरवते. इतकी वर्षं मीच ठरवत आले.

"ती नाही. मी," मी म्हणाले.

"आई, तू गाडीत काय करतेस?"

"फिरते."

कुणी हसलं नाही. मेकॅनिक उगाच टायरकडे बघत बसला. मग त्याने न सांगता रेडिओला वेगळी वायर जोडली, चावीशिवाय लागेल अशी. गाडी राहिली. चावी सुनेला द्यायला मीच सांगितलं. खिळा मोकळा आहे.

पाचवं नाक सात महिने ठणठणीत आहे. दुपारी रेडिओ लागतो, ऊन येतं, निळे ठिपके तेवढे नाहीत. हे येतात. काल तर पहिल्यांदाच बोलले.

"चावी कुठे आहे?"

"सुनेकडे."

यांनी माझ्याकडे नवलाने इतका वेळ बघितलं, की गाडी निघायचीच राहिली.