गच्चीवरचं बेरियम

आमचे अंबादास सर पेटीचं झाकण उघडण्याआधी समोरच्याला श्वास धरायला लावतात. एकदा प्राचार्य बघायला आले, तर त्यांनाही म्हणाले, "श्वास धरा साहेब. तुमी सकाळी भजे खाल्ले. हिचा कागद खराब हुईल."

ही म्हणजे वारंगा फाट्यावर एका गच्चीवर ठेवलेली पेटी. ती दिवसभर हवा ओढते आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ धरून ठेवते. कागद बदलायचं काम सरांचं. तो आम्लात उकळून धुळीत शिसं किती, जस्त किती, हे मोजायचं काम माझं. आम्ही दोघं हिंगोलीच्या एकाच कॉलेजात शिकवतो.

पेटीची घरघर पहिल्यांदा ऐकणारा माणूस मागे वळून बघतो. पाठीशी कुणी धापा टाकत बसलंय, असं वाटतं. सर त्या आवाजाला उत्तर देतात. "आज लई ट्रक गेले का गं? दम खा जरा." गच्चीवर विडी, अगरबत्ती, पावडर, सगळं बंद. घरमालकीण पापडसुद्धा त्यांना विचारून वाळवते.

अशा माणसाच्या कागदावर मागच्या उन्हाळ्यात मला बेरियम सापडलं. एवढं बेरियम फटाक्यांतून येतं. दिवाळी नव्हती, फाट्यावर कुठली वरातही नव्हती. आदल्या वर्षीचे आकडे काढले, तर त्याच तारखेला तसंच.

मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांना विचारलं. ते मला अजून टोचतं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नमुना बाद करा. माझ्याच हातून झालं."

यंदा त्या तारखेला संध्याकाळी मी न सांगता गच्चीवर गेलो. सर पेटीसमोर उकिडवे बसले होते. हातात पेटलेली फुलबाजी. धूर वर न जाता पेटीत ओढला जात होता.

मला पाहून ते दचकले नाहीत. "पोरीचा वाढदिवस हाय," म्हणाले. "दम्यानं गेली, तवा दुसरीत होती. धुराची तकलीफ, म्हणून फुलबाजी कधी हातात दिली न्हाई मी. लई रडायची." मग पेटीवर हात ठेवला. "हिला काही होत न्हाई, सर."

फुलबाजी विझली. पेटीची घरघर मला एकदम हलकी वाटली, झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखी.

सर कागद काढायला उठले. मी आपणहून श्वास धरला.