काकवी खाल्लेली टाकी

"शुक्रवारचं सगळं जेवण माझ्या टाकीच्या गॅसवर शिजेल! बदकं, भात, चहा, सगळं! बाहेरची एक ठिणगीसुद्धा लागणार नाही!"

वग्दी मास्तरांनी रविवारी सकाळी अंगणात हे जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको इन्साफ द्राक्षाची पानं निवडत होती. तिने मान वर केली नाही. चौतीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाशी संसार केला, की मान कधी वर करायची ते कळतं.

शुक्रवारी नमाजानंतर अस्यूत शहरातून वीस पाहुणे यायचे होते. मास्तरांची मुलगी नेस्मा आणि पाहुण्यांचा मुलगा शरीफ यांचं लग्न पक्कं करणारा फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, वाचायचा होता. मुलांचं जमलेलं होतं. फक्त शरीफची आई, हाज्जा फौकिया, जमायची होती! मोठ्या मुलाच्या वेळी एका घरी भात कच्चा निघाला, तेव्हा ही बाई फातिहा न वाचता ताटावरून उठली होती म्हणे.

"अहो नेस्माचे बाबा," इन्साफ म्हणाली, "तुमची टाकी आपल्या तिघांचं जेमतेम शिजवते. वीस माणसं?"

"खुराक वाढवायचा! म्हशीच्या शेणात काय असतं? चावून चावून चोथा झालेलं गवत. माझे जिवाणू त्यातून एवढा गॅस काढतात. त्यांना काकवी दिली तर?"

मागच्या अंगणात मास्तरांनी स्वतः बांधलेली टाकी होती. खाली विटांचा खड्डा, वर लोखंडी घुमट. गॅस साठला की घुमट वर उचलला जायचा. मास्तरांनी त्या दिवशी शेणाला रजा दिली आणि उसाच्या काळ्या काकवीचा एक डबा टाकीत ओतला.

सोमवारी घुमट वीतभर वर आला!

"नेस्मा, बघ! बघ ही प्रगती!"

"बाबा, माझ्या दहावीच्या निकालालाही तुम्ही इतके नाचला नव्हता."

गडबड ऐकून शेजारची झीनत भिंतीवरून डोकावली. मास्तरांनी तिला समजावलं, की टाकीत कोट्यवधी जीव आहेत आणि ते आपल्यासाठी राबताहेत. झीनतने छातीवर हात ठेवला.

"कोट्यवधी! आणि तुम्ही त्यांना आजवर नुसतं शेण घातलंत? मास्तर, घरात आलेल्या जिवाला कोणी असं ठेवतं का?"

दुपारी ती शिळी बसबूसा घेऊन आली. रव्याची, पाकात बुडवलेली, अख्खी परात! तिच्यामागून आणखी दोघी, एक उरलेलं सरबत घेऊन, एक हलवा घेऊन. त्या भागात पाहुण्याने 'पुरे' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'अजून वाढा' असाच घेतात. टाकीला तर 'पुरे' म्हणताही येत नव्हतं!

मंगळवारी घुमट कमरेएवढा झाला. मास्तरांची छातीही तेवढीच फुगली. झीनतच्या बहिणीकडे बाळंतीण होती, गरम पाण्याची अडचण होती. मास्तरांनी घरातला सिलिंडर उचलून दिला. "घेऊन जा! आम्हाला आता कशाला लागतोय!"

इन्साफने त्या वेळी मात्र मान वर केली. पण सिलिंडर तोवर गाढवगाडीत बसून कालव्यापलीकडे निघाला होता.

बुधवारी घुमट छातीला लागला. गुरुवारी सकाळी इन्साफने पाणी तापवायला शेगडी लावली. काडी ओढली, चावी फिरवली. फुस्स! काडी विझली. दुसरी काडी. फुस्स! जणू आत कोणी बसून वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवत होतं.

"शेगडी तुंबली," मास्तर म्हणाले आणि शेगडी खोलली. स्वच्छ होती. "मग नळी तुंबली." त्यांनी घुमटाजवळची नळी काढली आणि आत डोळा लावला.

टाकीने ढेकर दिला! तपकिरी फेसाचा लोट मास्तरांच्या दाढीवरून नव्या गलाबियाच्या, त्या पायघोळ झग्याच्या, कडेपर्यंत उतरला. वासाने म्हैस दोन पावलं मागे सरली.

"शेणाचा वास नाही हा," नेस्मा नाक धरून म्हणाली. "आजीच्या लोणच्याची बरणी फुटली होती, तसा येतोय."

मास्तर आत गेले, शाळेतून निवृत्त होताना आणलेली लिटमसची डबी शोधली. निळा कागद फेसाला लावला. तो डाळिंबासारखा लाल झाला.

तेव्हा मास्तर टाकीच्या कठड्यावर बसले, आणि फेसाळलेल्या दाढीने मुलीला धडा सांगू लागले. धडा सांगताना त्यांचा आवाज नेहमीच मऊ व्हायचा.

"जिवाणू सगळी हत्यारं कायम जवळ बाळगत नाही, नेस्मा. हत्यार घडवायलाही ताकद खर्च होते ना! समोर गवत असलं, तर गवत कापायची कात्री घडवतो. साखर दिसली, की कात्री घडवणं बंद! आधी साखर."

"शहाणा आहे. बसबूसा सोडून गवत कोण चावेल?"

"तेच तर! पण टाकीत दोन मंडळी असतात. पहिली अन्नाचं आंबट करते. दुसरी त्या आंबटाचा जळणारा गॅस करते. पहिली भराभर खाणारी, दुसरी सावकाश. मी साखर ओतली. पहिल्यांनी एवढं आंबट केलं, की दुसऱ्यांचा जीव गुदमरला."

"मग घुमट कशाने फुगला?"

"पहिल्यांच्या उच्छ्वासाने. सोड्याच्या बाटलीत असतो तो वायू. जळत नाही. उलट विझवतो." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "चुना घालीन, खाणं बंद ठेवीन, मग हळूहळू पुन्हा शेण. होतील बरे."

"कधीपर्यंत?" इन्साफने विचारलं.

"तीन आठवडे."

"पाहुणे उद्या दुपारी येतात."

नेस्माने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मास्तरांना ते टोक बघवेना. सिलिंडरची गाडी शनिवारी यायची. बाळंतिणीच्या घरून सिलिंडर परत मागायचा? त्यापेक्षा फेस बरा!

"मी चूक केली गं," ते हळूच म्हणाले.

इन्साफने त्यांच्या हातात टॉवेल दिला. "दाढी पुसा आणि गच्चीवर चला."

गच्चीवर उन्हात ओळीने गोवऱ्या वाळत होत्या. गोल, कडक, रविवारपासूनच्या, शंभरावर!

"या कुठून आल्या?"

"तुमच्या कामगारांनी पक्वान्नं धरली, हे म्हशीला कोणी सांगितलं नव्हतं," इन्साफ म्हणाली. "ती रोज देत होती. मी रोज थापत होते."

शुक्रवारी पहाटेच अंगणातली मातीची भट्टी पेटली. झीनतही गुन्हेगाराच्या चेहऱ्याने मदतीला आली. बदकं भट्टीत गेली, मातीच्या भांड्यांतला भात गेला. हाज्जा फौकियाने पहिला घास घेतला, तेव्हा नेस्माने दाराआड श्वास रोखला. हाज्जाने दुसरा घेतला. मग बदकाची तंगडी स्वतःच्या हाताने ओढली.

"भट्टीतलं! हल्ली कोण एवढे कष्ट घेतं?" ती म्हणाली. "पण मास्तर, तुमची ती टाकी कुठाय? शरीफ कधीपासून सांगतोय."

वीस माणसं मागच्या अंगणात गेली. घुमट अजूनही ताठ उभा होता.

"माशाल्लाह! केवढी भरलीय!"

मास्तरांना 'हो' म्हणून सुटता आलं असतं. जीभ तिथवर आलीही. पण चौतीस वर्षं मुलांना खोटं शिकवलं नव्हतं.

"भरलीय खरी, हाज्जा. पण जळत नाही. मी तिला नको तेवढं गोड चारलं."

हाज्जाने घुमटाकडे पाहिलं. मग वळून आपल्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं, जे शर्टाची बटणं ताणून उभं होतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आमच्याकडे पण अशीच एक आहे. चाळीस वर्षं सांभाळतेय!"

सगळ्यात मोठ्याने तिचा नवराच हसला. त्या हसण्यातच सगळे आत गेले, तळवे वर करून फातिहा वाचला गेला, आणि झीनतच्या आनंदाच्या किलकारीने म्हैस पुन्हा दोन पावलं मागे सरली.

मग पाहुण्यांनी अस्यूतहून आणलेली कुनाफ्याची, शेवयांच्या मिठाईची, परात उघडली. तुपात परतलेली, पाकाने चमकणारी! मास्तरांचं ताट अजून भरलेलं होतं. बदक तसंच, सोबतचा कच्चा हिरवा पालाही तसाच. तरी त्यांचा हात सरळ परातीकडे गेला.

नेस्माने परात अलगद मागे ओढली, आणि हिरव्या पाल्याची जुडी त्यांच्या ताटात पुढे सरकवली.

"आधी गवत, बाबा!"