नरसिंगमामांचा उलटा नमस्कार

आमच्या लातूरच्या गल्लीत मालिशवाल्या नरसिंगमामांना कुणी नमस्कार करत नाही. केलाच, तर ते जोडलेले हात धरून पंज्यांच्या पाठी एकमेकींना टेकवतात, बोटं जमिनीकडे वळवतात आणि म्हणतात, "असंच धरा. मुंग्या आल्या की सांगा."

अहमदपूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच असा धरला. नवरी हार घेऊन ताटकळली. "पोरगं दिवसभर कंप्युटर बडवतंय," मामा म्हणाले, "मनगटात शीर दाबली असंल."

मुंग्या आल्या म्हटलं की पुढचा प्रश्न, "करंगळीत का बाकीच्यात?" करंगळी म्हटलं की मामा हिरमुसतात. "ती शीर येगळी." मग मनगटावर टिचक्या, मग अंगठ्यात जोर किती ते बघणं. अंगठ्याखालचं मांस उतरलेलं दिसलं, तर तेलाला हातही लावत नाहीत. "हे माझं काम न्हाई. डॉक्टर गाठा."

मी क्लासमध्ये गणित शिकवतो. फळ्यावर लिहून लिहून उजवा हात बधिर व्हायला लागला, म्हणून त्यांच्याकडे गेलो. महिन्याभरात हात बरा झाला. ते मी सांगितलं नाही. बायको वारल्यापासून संध्याकाळी घराचं कुलूप उघडणं जिवावर येतं. मामांसमोर हात उलटे धरून बसलं की ते काहीबाही विचारतात. आज भाजी कोणती केली, झोप लागली का. मी एरवी न बोलणारा माणूस, तिथं बोलतो. उठताना म्हणायचं, "अजून येतात मुंग्या." आणि घरापर्यंत चोरासारखं वाटत राहायचं.

परवा मामा गंभीर झाले. "लई दिवस झाले, सर. सोमवारी दुकान बंद ठेवतो, तुमच्यासंग डॉक्टरकडं येतो. आपरेशन लागलं तर लागलं."

आता मात्र खोटं रेटवेना. "मामा, मुंग्या कधीच गेल्या. मी उगीच येत होतो."

त्यांनी मनगट सोडलं नाही. "ठाव हाय. शीर दाबली असली की टिचकीला बोट उडतं, तुमचं हालत सुदिक न्हाई."

"मग डॉक्टर कशाला?"

"तुमी आले की मला बी बरं वाटायचं, म्हणून गप बसून राहिलो. पण माझंच चुकत असलं तर? माझ्या करमणुकीपायी तुमचा हात जायचा."

मामा उठले, दिवा मालवला, मला बाहेर काढलं.

"सर," शटर ओढता ओढता ते म्हणाले, "वरणाला फोडणी देता येती का तुम्हाला? माझी रोजच जळती."