खाली म्हणजे खाली

मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी असली तर मी समजू शकते. पण दारावर 'दार'? आमच्या शेजारच्या सबनीसकाकांच्या दारावर आहे. खाली पायपुसण्याला 'पायपुसणे' अशी पट्टी शिवलेली. बेलवर 'घंटा' लिहिलंय. लोक हसतात, काका हसत नाहीत.

काका मूळचे साताऱ्याचे. इथे बडोद्यात, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. तिथे चिठ्ठीशिवाय साधा नटबोल्टसुद्धा मांडणीवर जात नसे. निवृत्त होऊन आमच्या गोत्रीच्या सोसायटीत आले ते ही सवय घेऊनच. "चिठ्ठी नाही ती वस्तू बेवारस!" हे त्यांचं आवडतं वाक्य. "आणि चिठ्ठी शुद्ध मराठीत!" हे त्याचं शेपूट. अक्षर मात्र असं, की कोंबडी नाचून गेली असावी. म्हणून काका सांगत आणि कुमुदकाकू लिहीत.

आता काकू होत्या मांडवीतल्या. जन्म बडोद्याचा, शाळा गुजराती. त्यांच्या मराठीत निम्मं गुजराती सहज मिसळलेलं, आम्हा सगळ्या बडोदेकरांचं असतं तसं. काका येरझाऱ्या घालायला लागले की त्या म्हणत, "अहो, बेसो ने जरा!"

"बसा म्हण, बसा! बेसो काय? बेसन आहे का?"

चाळीस वर्षं हेच. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा 'बेसो'. मला तर वाटायचं, मुद्दाम म्हणतात.

माघात काकू गेल्या. अकरा दिवस तापात होत्या, बाराव्या दिवशी संपलं. काका रडले नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावलं आणि काकूंच्या उरलेल्या गोळ्यांचा डबा पुढे केला. "वैशाली, यावर काय लिहू?" मी म्हटलं, "काका, फेकून द्या हो." त्यांनी स्वतःच्या कोंबडीच्या अक्षरात 'फेकायचे' अशी चिठ्ठी लावली आणि डबा कपाटात ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

परवा रविवारी सकाळी ते स्वतः आमच्याकडे आले. हा माणूस कुणाची मदत मागत नाही, त्यामुळे माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"आवाज येत नाही," ते म्हणाले.

गोष्ट अशी होती. त्यांच्या पुण्याच्या मुलीने गेल्या दिवाळीत काकूंचा एक व्हिडिओ काढलेला. काकूंचा आवाज असलेली ती एकच चीज, आणि ती लॅपटॉपमध्ये. काकांचा डावा कान केव्हाच गेलाय. उजव्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलंय, फार दिवस धरणार नाही. कानात मशीन घालूनही लॅपटॉपचा आवाज त्यांना डास गुणगुणल्यासारखा येतो. म्हणून तो टीव्हीला आणि साउंड सिस्टीमला जोडायचा. चार महिने रोज जोडत होते. टीव्हीवर काकू दिसत, तोंड हलवत. आवाज नाही.

"चार महिने? आणि आत्ता सांगताय?" मी चिडलेच.

"मी स्टोअरकीपर आहे. मला चिठ्ठी वाचता येते!"

मी टीव्हीच्या मागे डोकं घातलं. वायर खोचायच्या तीन जागा, एकाखाली एक. वरच्या जागेवर काकूंच्या अक्षरात 'डबा', तिथे चॅनेलच्या डब्याची वायर. मधल्या जागेवर 'खाली', तिथे काहीच नाही. सगळ्यात खालच्या जागेला चिठ्ठी नाही, आणि तिथे काकांनी खोचलेली लॅपटॉपची वायर.

"मधली मोकळी सोडून इथे का लावलीत?"

"वाच की! खाली लिहिलंय. म्हणजे खालच्या जागी लावा."

"आणि खाली आधी काहीच नव्हतं?"

"होती एक वायर. तिला चिठ्ठी नव्हती. बेवारस. काढून टाकली."

मी वाकून बघितलं. भिंतीच्या कडेला, धुळीत, ती काढलेली वायर पडली होती. ती साउंड सिस्टीमची होती; टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद करून सगळा तिच्यातूनच सोडलेला. शेजारीच डिंक वाळून गळून पडलेली एक चिठ्ठी. फुंकर मारली. काकूंचं अक्षर. 'आवाज'.

"काका," मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले, "खाली म्हणजे रिकामी! गुजरातीतलं खाली! काकू सांगत होत्या, मधली जागा रिकामी आहे, लॅपटॉप तिथे लावा!"

काकांनी वाकून मधली चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मग रिकामी लिहायचं ना! साउंड सिस्टीम जोडायला मेकॅनिक आला तेव्हा मी बँकेत होतो. मी सांगायला नसलो की ही असं..."

चार महिने त्या बाईला मुकी करून आपणच ठेवलं, हे त्यांना कळलं होतं. मी दोन्ही वायरी आपापल्या जागी लावल्या.

टीव्हीवर काकू आल्या. ओट्यापाशी, हातात सेव-उसळीची बशी. आणि खोली भरून आवाज आला, "अहो, बेसो ने! किती वार सांगू? उसळ थंड होते!"

काका उभे होते, ते मटकन खुर्चीत बसले.

मी वाट बघत होते. आता म्हणतील, बसा म्हण. आता म्हणतील, वार नाही, वेळा. काकांनी लॅपटॉप मांडीवर ओढला. दोन मिनिटांचा व्हिडिओ संपला की बटण दाबत, पुन्हा लावत. चौथ्यांदा काकू 'बेसो' म्हणाल्या तेव्हा माझ्याच्याने तिथे थांबवेना.

"येते काका," मी उठले.

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. शेजारची काकूंची खुर्ची हाताने माझ्याकडे सरकवली.

"बेस ने जरा," काका म्हणाले.