पंचफुलाची गाडी

शेषरावांनी देवदारच्या खोक्याखाली चार बेरिंगं बसवली आणि ही गाडी पंचफुलासाठी आहे असं घरात जाहीर केलं. पंचफुला दहा वर्षांची होती. ती खोक्यात बसली तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक उशी मावेल एवढी जागा उरली आणि गाडी वळवायच्या दांडीपर्यंत तिचे पाय पोचले नाहीत.

"बाबा, हे तं मोठ्या मानसाच्या मापाची हाये."

"वाढशीन ना तू."

"एवढी? माय बी एवढी नाई."

"कोनाच्या मापाची हाये, ते मले दिसून राह्यलं," दारातून तिची आई, ललिताबाई, म्हणाल्या.

शेषराव अकोल्याच्या कचेरीत कारकून होते. रोज सकाळी मोर्णा नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या उतारावर त्यांची चाल मंदावायची. तिथं पोरं बेरिंगच्या गाड्या सोडायची. तो घर्र आवाज पार खाली जाऊन विरेपर्यंत शेषराव उभे राहत. लहानपणी बार्शीटाकळीला पाटलाच्या पोरांची अशीच एक गाडी तळ्याच्या पाळीवरून सुटायची. खाली यायचं काम त्या पोरांचं होतं, गाडी ओढून वर न्यायचं शेषरावांचं. एक अख्खा उन्हाळा त्यांनी गाडी वर नेली. खाली जाताना कसं वाटतं, हे त्यांना अडतिसाव्या वर्षीही माहीत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्यांना खाली जायचं होतं. पण सरकारी कारकुनानं पोरांच्या गाडीत बसायला काही कारण लागतं. म्हणून पंचफुला.

गाडीला काहीही विकत आणलेलं नव्हतं. खोकं किराणावाल्यानं टाकलेलं, दांडी मोडक्या बाजेची, दोर कपडे वाळवायचा. बेरिंगं शेजारच्या नत्थुजींनी दिली होती. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि झिजलेली बेरिंगं तिथं टाकूनच देत.

पहिल्या रविवारी पंचफुलाला बसवून गाडी सोडली. उतार दीडशे पावलांचा होता. साठाव्या पावलावर गाडी थांबली. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई मागून आली, पुढं गेली, आणि वळून म्हणाली, "ढकलू काय व पोरी?"

नत्थुजींनी चाक फिरवून पाहिलं. "तेल कमी हाये, शेषरावभाऊ. यंत्र म्हटलं का तेल पाह्यजे."

शेषरावांनी एरंडीचं तेल घातलं. पुढच्या रविवारी गाडी पन्नास पावलं गेली.

"अजून घाला," नत्थुजी म्हणाले.

जवसाचं घातलं. चाळीस.

"भाऊ, तुमी कंजूशी करून राह्यले. बेरिंग न्हाऊन निंगालं पाह्यजे."

त्या दिवशी जेवताना पंचफुलानं वरणाचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. ललिताबाई शांतपणे म्हणाल्या, "आज वरणाले फोडणी नाई. फोडणी गाडीत गेली."

चौथ्या रविवारी गाडी सुटलीच नाही. उतारावरसुद्धा ढकलावी लागणारी अकोल्यातली ती एकमेव गाडी असावी. पोरं पोट धरून हसली. शेषराव गाडी काखेत मारून परतले. आपण स्वतः बसलो नाही हे बरंच झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मधेच अडकलेल्या खोक्यात बसलेला कारकून त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. पण रात्रभर कूस बदलत राहिले ते त्या कारकुनामुळे नाही. दीडशेपैकी एकही पाऊल त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, त्यामुळे.

सोमवारी सकाळी ललिताबाईंनी गाडी उलटी केली. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि दिवसभर कापूसच हाताळत. केसातला आकडा काढून त्यांनी बेरिंगमध्ये घातला आणि हळूच ओढला. आतून काळा, तेलकट, पिळदार धागा निघाला. मग दुसरा, तिसरा.

"हे काय हाये?" शेषराव वाकून म्हणाले.

"मोसम हाये ना जिनिंगचा. पुऱ्या गल्लीत रुई उडून राह्यली. तेलात कापूस पडला तं काय होते?"

"वात."

"मंग? गाडी करून राह्यले का दिवा?"

नत्थुजींना बोलावलं. त्यांनी त्या वाती बघितल्या आणि बराच वेळ मिशी चोळली. "आमच्या जिनात असं होत नाई," ते म्हणाले.

"तिथं रुई कोन झाडते?"

"त्याच्यासाठी बाया हायेत ना."

"हं," ललिताबाई म्हणाल्या.

चारही बेरिंगं घासलेटमध्ये धुऊन उन्हात वाळवली. ललिताबाईंनी जुन्या सायकलच्या ट्यूबमधून गोल चकत्या कापल्या आणि रुई आत शिरू नये, पण चाकालाही घासू नये, अशा बसवल्या. तेलाचा एक थेंब दिला, तोही काडीनं. बोटानं फिरवलं तर चाक बोट काढल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहिलं.

रविवारी उताराच्या माथ्यावर शेषराव म्हणाले, "बस, पंचफुला."

"पुरे झालं पंचफुला पंचफुला," ललिताबाई म्हणाल्या. "बसा आता."

शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी खिशात ठेवली आणि बसले. माप अगदी बरोबर होतं.

पहिली वीस पावलं ते घाबरले. मग नाही. वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, साठावं पाऊल कधी गेलं ते कळलंही नाही. शंभराव्या पावलावर त्यांच्या ध्यानात आलं की गाडीला ब्रेक नाही. गाडी थांबवायचा विचार कोणी केलाच नव्हता, कारण आजवर ती आपणहून थांबत होती.

खाली, पुलाच्या अलीकडे, बुधाजी नावाच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीचं चाक निखळलं होतं आणि तिचा कापूस रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर उतरवलेला होता. शेषराव त्यात छातीपर्यंत गेले.

"अरे बाप्पा! निंगा ना बाहेर!" बुधाजी ओरडले. "कापसात मानूस निंगाला तं जिनवाला भाव पाडते ना!"

शेषराव हसत होते.

त्यांनी कापूस झटकून, बुधाजींचा ढीग दोन्ही हातांनी नीट करून दिला. तोवर पोरांनी गाडी वर नेलीसुद्धा. शेषराव चढण चढून धापा टाकत माथ्यावर पोचले आणि त्यांनी दोराला हात घातला.

"ओ काका!" एक पोरगं खेकसलं. "तुमचा नंबर झाला. लाईनीत या."

पोरांची रांग लागली होती. नंबर पंचफुला देत होती. "बाबा, मधात घुसू नका. तुमचा अकरावा."

शेषराव निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. केसांत रुई तशीच होती. रस्त्यावरून कचेरीतला एक शिपाई सायकलवरून गेला आणि त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, पण शेषराव हलले नाहीत. त्यांनी पुढची डोकी मोजली, परत मोजली. बरोबर दहा होती.

ललिताबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"माहा बारावा," त्या म्हणाल्या. "अन् सरका जरा पुढं, जागा सुटून राह्यली."