मनमायाचं दार

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने परदेश सेवा करावी असा ठराव पंचांच्या सभेत एकमताने मंजूर झाला, तेव्हा परदेश कोणता हे ठरलेलं नव्हतं. सेवा कोणती, हेही नव्हतं. राहुरीकडच्या एका मंडळीचं पथक श्रीलंकेला जाऊन आलं होतं आणि त्यांच्या पाळकांनी कापणीच्या सणाला आमच्या पाळकसाहेबांपुढे तो विषय पुन्हा पुन्हा काढला होता, एवढं कारण पुरेसं होतं. शिवाय याकोबरावांचा मुद्दा बिनतोड होता. दीडशे वर्षं परदेशातले लोक येऊन आपली सेवा करताहेत. आपण कोणाची तरी केल्याशिवाय आपण मोठे झालो हे लोकांना कळणार कसं?

याकोबराव हे मंडळीचे चिटणीस. शुगर फॅक्टरीत कामगारांची हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसातून ते निवृत्त झाले, पण टाइम ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्यांनीच नेपाळ सुचवला, कारण तिथे जायला पासपोर्ट लागत नाही आणि तरीही तो परदेशात धरतात.

पथकात आम्ही चौघे. याकोबराव प्रमुख. जस्टिन हा विम्याचा एजंट, तो चित्रीकरणासाठी, कारण त्याचा मोबाईल नवा होता. निकिता शेवगावच्या एका शाळेत शिकवते. तिला रडू लवकर येतं म्हणून तिची निवड झाली. आणि मी, दया. पंचाहत्तरी ओलांडलेली. पथकात एखादी म्हातारी असली की ते सहलीसारखं दिसत नाही, असं पाळकसाहेबांचं मत पडलं.

सेवेचे नियम याकोबरावांनी तयार केले. त्यातला मुख्य नियम असा होता: प्रत्येक सदस्याने दररोज किमान एक वैयक्तिक आध्यात्मिक अनुभव घ्यावा व तो रात्रीच्या जेवणापूर्वी मोबाईलसमोर कथन करावा. कोणाचाही अनुभव बाकी असल्यास भोजन सुरू करू नये. हे कथन लगेच मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायचं, आणि घरी बसलेल्यांनी खाली ‘आमेन’ लिहायचं. ज्याला आमेन जास्त, त्याचा पुढच्या वर्षी विचार होणार होता. पुढच्या वर्षीचा देश पासपोर्ट लागणारा असेल अशी बोलवा होती.

मला हा सगळा प्रकार नवा नव्हता, फक्त उलट्या बाजूने ठाऊक होता. मी मिशनच्या शाळेत होते तेव्हा बोटीने पाहुणे यायचे. ते यायच्या आधी आमच्या मास्तरीणबाई सांगायच्या, पोरींनो, चपला काढून वर्गाच्या मागे ठेवा. ज्यांना चपला होत्या त्यांना त्याच दिवशी त्या कमीपणाच्या वाटायच्या. एकदा एका उंच साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी म्हटलं. बाईंनी मराठीत सांगितलं, साहेब म्हणतात, इतक्या थोड्यात ही मुलगी केवढी आनंदी आहे. मी आनंदी होते हे खरं. साहेबांनीच दिलेली पेपरमिंट माझ्या गालात होती, आणि ती लवकर विरघळू नये म्हणून मी तोंड मिटून हसत होते. त्या हसण्यावर साहेबांनी परत जाऊन कितीतरी चर्चमधून भाषणं केली म्हणतात. तेव्हापासून भेट देणाऱ्याला काय हवं असतं हे मला कळतं.

दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही निघालो. रेल्वे, बस, मग जीप, असं करत डोंगरातल्या एका गावात पोचलो. तिथे दगडी चर्च होतं आणि चर्चला लागून एक खोली. खोलीत मनमाया राहायची. चर्चची झाडलोट करायची, घंटा वाजवायची. वय माझ्याच आसपासचं. तिने तरुणपणी दिल्लीत घरकाम केलं होतं, त्यामुळे तिला हिंदी येत होतं. माझं हिंदी दूरदर्शनवर शिकलेलं. आमचं छान जमलं.

आम्हाला दिलेली सेवा म्हणजे मनमायाचं दार रंगवणे. भिंती दगडी, त्यांना रंग धरत नाही, आणि दारासमोर चार माणसं उभी राहिली की फोटो नीट बसतो. तिथल्या पाळकांनी अगत्याने निळा डबा आणि चार कुंचले पुढे केले. कुंचले वापरातले होते. आमच्याआधी कोरियाच्या पथकाने ते दार हिरवं केलं होतं, त्याआधी केरळच्यांनी पिवळं, त्याआधी नॉर्वेच्यांनी लाल, आणि त्याआधीचं तिथल्या पाळकांनाही आठवत नव्हतं. दाराची कड टोकरली की एकावर एक थर दिसत, कापलेल्या बर्फीसारखे. एवढा रंग बसून ते दार असं फुगलं होतं की चौकटीत मावेना. कितीही ढकला, हातभर फट राहायची. त्या फटीतून रात्रभर वारा आत यायचा, आणि मनमाया रात्रभर खोकायची. अजून बर्फ पडायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी निकिताला अनुभव आला. कुंचला हातात घेऊन ती म्हणाली, “इथं कोणी दार लावत नाही. आमच्याकडे शनिशिंगणापूरलाही घरांना दारं नाहीत, पण तिथं देवाची भीती आहे. इथं प्रेम आहे. मनमायाआजींनी माझ्या मनाचं दार उघडलं.” आणि ती रडली. जेवण संपायच्या आत आमेनांची रांग लागली. ज्या बायकांनी निकिताच्या लग्नात वरणात मीठ कमी म्हणून आठवडाभर चर्चा केली होती, त्यांनीही आमेन लिहिलं. रात्री पाळकसाहेबांचा निरोप आला की या वर्षीच्या सेवेचा विषय ‘उघडे दार’ असा घोषित करण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी जस्टिनला त्याच दारातून प्रकाश आत येताना दिसला. याकोबरावांना त्या दारात टाइम ऑफिसचं फाटक आठवलं, आणि उशिरा आलेल्या कामगारांना आपण बाहेर ठेवलं याचं वाईट वाटलं. म्हणजे वाटलं असं त्यांनी सांगितलं.

मी मात्र मनमायाजवळ शेकोटीला बसले आणि विचारलं, दार का लागत नाही. ती म्हणाली, लागायचं. लाल होईपर्यंत लागायचं. मग लागेना झालं. प्रत्येक पथकाला तिने सांगितलं होतं की एखादा सुतार आणा, रंधा मारा, कड तेवढी तासा. प्रत्येक पथकप्रमुखाने ते मन लावून ऐकून घेतलं होतं आणि तिच्या दाराचा प्रार्थनेच्या विषयांत समावेश केला होता.

“कोरियात माझ्या दारासाठी रोज पहाटे प्रार्थना होते,” ती म्हणाली. “नॉर्वेतही करतात. केरळचे लोक तर उपास करतात. रंधा कोणी आणत नाही.”

हे मी याकोबरावांच्या कानावर घातलं. गावात सुतार होता, मी त्याला विचारून आले होते. रंग खरवडून कड तासायला अर्धा दिवस पुरे, असं तो म्हणाला होता. याकोबरावांनी ठरावाची प्रत काढली.

“मावशी, आपन रंगवायला आलोत. खरवडायला न्हाई.”

“रंगवल्यामुळेच लागत नाही ते.”

“त्ये मागच्या पथकांनी रंगवलेलं. आपला थर तर अजून ओला हाय. आपल्यावर जिम्मेदारी येत न्हाई.”

तरी त्यांनी नियमाप्रमाणे नगरला फोन केला. पंचांनी तातडीने उपसमिती नेमली. उपसमितीने ग्रुपवरच बैठक घेतली आणि कळवलं की मनमायाबाईंच्या खोकल्याबद्दल तीव्र सहानुभूती आहे. परंतु ‘उघडे दार’ या विषयावर मंडळीत एवढी जागृती झाली असताना ते दार बंद केल्यास चुकीचा संदेश जाईल. सबब दार आहे त्या स्थितीत ठेवावं व बाईंना एक शाल द्यावी. शाल पांघरून मनमाया दारात उभी राहिली, जस्टिनने फोटो काढला. फोटोलाही आमेन मिळाले. ती रात्रभर खोकली. शालीतून.

मग मी माझं शस्त्र काढलं. संध्याकाळी डाळभात वाफाळत पुढ्यात आला, तिघांचे अनुभव झाले, जस्टिनने मोबाईल माझ्याकडे वळवला, आणि मी सांगितलं की आज मला काही अनुभव आला नाही.

सगळे डाळभाताकडे बघू लागले.

“मावशी, कायतरी येऊ द्या की,” जस्टिन म्हणाला. “सूर्यास्त बगितला नं आपन?”

“बघितला. मावळला.”

निकिता बिचारी मनाने चांगली आहे. ती हळूच म्हणाली, “काकू, माझ्याकडे आज दोन आहेत. एक तुम्ही घ्या.”

मी घेतला नाही. डाळीवर साय धरली. याकोबरावांचा नियम त्यांच्याच पोटावर बसला होता आणि तो शिथिल करायचा तर सभा बोलवावी लागली असती. शेवटी ते म्हणाले, “सकाळी दाराचं बगतो. शब्द देतो. आता तुमी अनुभव द्या.”

शब्द मिळाल्यावर मी अनुभव दिला. मी खाली बघितलं. थोडं थांबले. भेट देणाऱ्यांना म्हातारीचं थांबणं फार आवडतं. मग म्हटलं, जन्मभर मी कड्या लावत आले. घराला लावली, कपाटाला लावली, माणसांना लावली. या बाईचं हे दार बघितलं आणि वाटलं, मरताना माझ्याही घराला असं एक दार असावं. एवढं बोलून मी पदर डोळ्यांना लावला. निकिता हुंदके देऊ लागली. जस्टिनचा हात हलल्याने चित्र थरथरलं, ते अधिकच परिणामकारक झालं. मला काहीच वाटलं नव्हतं, भूक सोडून. पण काम झालं, अशा समाधानात मी जेवले आणि झोपले.

सकाळी उठले तेव्हा काम खरोखरच झालेलं होतं. मनमायाच्या खोलीला दार नव्हतं. याकोबराव आणि जस्टिन ते बिजागऱ्यांसकट उतरवून जीपच्या टपावर बांधत होते. माझा अनुभव नगरमध्ये घरोघर पोचला होता, पंचांनी पहाटे सभा घेतली होती, आणि दयाबाईंच्या अंतिम इच्छेचा मान राखून ते दार मंडळीत आणावं असा ठराव झाला होता.

“मी अजून मेले नाही,” मी म्हटलं.

“म्हनूनच घाई चाललीय,” याकोबराव म्हणाले.

मनमायाची संमती चित्रित करण्यात आली. ती म्हणाली, “घेऊन जा, पण आधी दुसरं बसवा.” जस्टिनने ‘घेऊन जा’पाशी चित्रण थांबवलं, कारण त्याचं म्हणणं, लहान व्हिडिओ लोक पूर्ण बघतात. दुसऱ्या दाराचं काय, असं मी विचारलं. याकोबरावांनी तो विषय पुढच्या टप्प्यात घेतला. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते शांतपणे म्हणाले, “दार लागत न्हाई ही बाईंची तक्रार हुती. आता दारच न्हाई म्हंजी तक्रार उरली न्हाई.” चौकटीत त्यांनी आमच्या मंडळीच्या नावाचा फलक टांगला. कापडी होता, पण छपाई चांगली होती.

मी जीपसमोर उभी राहिले, सुताराला बोलवा म्हणून हट्ट धरला. निकिताने मला मिठी मारली आणि माझा हट्टही तिला अनुभव म्हणून आला.

सरहद्दीवर तपासनिसाने विचारलं, हे काय नेताय. याकोबराव म्हणाले, “सामान न्हाई साहेब, साक्ष हाय.” त्याने जाऊ दिलं. साक्षीवर जकात नसावी.

दार आमच्या मंडळीत वाजतगाजत आलं. तबला-पेटीसह भजन झालं. वेदीच्या बाजूला, जिथून पाळकसाहेब कपडे बदलायच्या खोलीत जातात तिथे ते बसवायचं ठरलं. पण त्या चौकटीत ते मावेना. मग पंचांनी सुतार बोलावला. ठरावाची गरज पडली नाही, चहाच्या वेळातच बोलावला. त्याने रंग खरवडला, कड तासली, रंधा मारला. आता ते दार एका बोटाने लागतं. त्यातून वाऱ्याची झुळूकही येत नाही. पाळकसाहेब उपासनेआधी आत जातात, दार लावतात, आणि दारावर सोनेरी अक्षरांत ‘उघडे दार’ असं लिहिलेलं दिसतं. लोक त्यासमोर फोटो काढतात. राहुरीकडचे पाळकही येऊन गेले. ते फार बोलले नाहीत.

मी दर सभेत उठून विचारलं की मनमायाला दार कधी पाठवायचं. त्यावर चर्चा होऊन पुढच्या वर्षीच्या पथकाला सेवा नेमून देण्यात आली. तिच्या दाराची चौकट रंगवायची आहे.

नाताळच्या सुमारास तिथल्या पाळकांच्या मोबाईलवरून मनमायाचा फोन आला. आवाज बसला होता. बर्फ पडलं का विचारलं तर हो म्हणाली. मग तिने विचारलं, दार तुमच्याकडे नीट लागतं का. मी म्हटलं, लागतं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुमच्याकडे थंडी फार असेल.”

ही हकिकत मी महिला मंडळात जशीच्या तशी सांगितली, वाटलं कोणीतरी उठून सुताराकडे जाईल. सगळ्यांनी डोळे पुसले, आणि पुढच्या महिन्यात शेवगावच्या बायकांसमोर हेच सांगायचं आमंत्रण दिलं. तिथेही डोळे पुसले गेले. आता तुम्हीही वाचलंत. मनमायाबद्दल तुम्हालाही वाईट वाटलं असणार, आमच्या पंचांचा रागही आला असणार, आणि आपण त्यांच्यासारखे नाही हे जाणवून थोडं बरंही वाटलं असेल. याला आमच्याकडे अनुभव म्हणतात. डोंगरात अजून बर्फ पडतंय.